साखर आणि शुगर

आम्हां मराठी माणसांच्या घरात साखरेवाचून कोणतीच चांगली गोष्ट पुरी होत नाही. मुलगा पास झाला, वाटा साखर. मुलीचे लग्न ठरले, करा साखरपुडा. पाडव्याच्या गुढीला साखरेच्या गाठी, आणि कोणी चार शब्द शुभ बोलले की ‘तुमच्या तोंडात साखर पडो!’ अशी ही गुणाची साखर. पण तिचे नाव इंग्रजीत घेतले की माणसांचे चेहरे एकदम बदलतात. डब्यात असते ती साखर आणि रक्तात असते ती शुगर. ‘त्यांना साखर आहे’ असे कोणी म्हणत नाही; ‘त्यांना शुगर आहे’ असेच म्हणतात, आणि तेही जरा आवाज उतरवून, जसे काही बिचाऱ्यावर फिर्यादच झाली आहे.

माझी आणि शुगरची ओळख जुनी आहे. १९६४ साली मी नऊ वर्षांची होते आणि आम्ही गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, मधुमेह झाला. तेव्हा बोटाला टोचून पाच सेकंदांत आकडा सांगणारी यंत्रे नव्हती. रोज सकाळी मोरीच्या कट्ट्यावर आमची प्रयोगशाळा मांडली जाई. स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचेची नळी आणि निळ्या पाण्याची बाटली. त्या निळ्या पाण्याला बेनेडिक्टचे द्रावण म्हणतात हे मला पुढे शाळेत कळले. नळीत ते थोडे ओतायचे, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचे. निळे ते निळेच राहिले तर लघवीत साखर नाही. मग हिरवे, पिवळे, नारिंगी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे विटकरी. दादांची नजर अधू होती, म्हणून रंग ओळखण्याचे काम माझ्याकडे होते. मी ‘हिरवा!’ म्हणून ओरडले की दादा खुशीत अंगरखा चढवून कचेरीला जात. ‘विटकरी’ म्हणायचे माझ्या जिवावर येई. दोन-तीनदा मी विटकरीला नारिंगी म्हटले आहे, हे आज कबूल करते.

या तपासणीतली मोठी मेख आम्हांला ठाऊक नव्हती. साधारणपणे रक्तातली साखर १८०च्या वर चढली म्हणजे मगच ती लघवीत उतरू लागते. आणि नळीत दिसते ती काही तासांपूर्वीची हकीकत, आत्ताची नव्हे. म्हणजे आमचा निळा रंग हा कालचा पेपर वाचून आजचे हवामान सांगण्यातला प्रकार होता.

पुढे दादांना इन्सुलिन सुरू झाले. काचेची पिचकारी आणि सुई रोज पातेल्यात उकळायची. फ्रीज कुठला असायला? बाटली माठाच्या गारव्याला, ओल्या फडक्यात ठेवीत. आमची आजी फार सोवळ्याची. त्या काळचे इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढीत. ही गोष्ट दादांनी आजीला शेवटपर्यंत कळू दिली नाही. ‘कसले औषध रे हे?’ असे तिने विचारले की ‘कॅनडाचे’ एवढेच सांगत. ते खोटेही नव्हते, कारण १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधून काढले होते. जिवाणूंकडून बनवून घेतलेले, अगदी माणसाच्या इन्सुलिनसारखे इन्सुलिन अमेरिकेत १९८२ साली मंजूर झाले. ते पाहायला ना आजी होती, ना दादा.

दादांचा घात साखरेने समोरून केला नाही, पायाकडून केला. पुष्कळ दिवस साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही मंदावतो. १९६९च्या पावसाळ्यात एके संध्याकाळी दादा कचेरीतून आले, चपला काढून आत गेले, आणि शहाबादी फरशीवर मला रक्ताचे ठिपके दिसले. दारापासून खुर्चीपर्यंत ओळीने. चपलेचा खिळा वर आला होता. चर्नी रोडच्या पुलावरून घरापर्यंत ते त्या खिळ्यावर चालत आले होते आणि त्यांना कळलेच नव्हते. ‘कुणाचे गं हे रक्त?’ असे त्यांनीच मला विचारले. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय गेला. १९७१ साली दादा गेले.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले की, २०१९ साली आमच्या ह्यांचा उपाशीपोटीचा आकडा १६२ आला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रिपोर्टाचा कागद नव्हता, ती शहाबादी फरशी होती.

ह्यांना तक्रार अशी काही नव्हतीच. रात्री तीनदा उठत, ती प्रोस्टेटची खोड म्हणून सोडून दिली होती. पाणी फार पीत. ते ठाण्याच्या उकाड्यावर घातले. वजन चार किलो उतरले, त्याचे तर आम्ही दोघांनी कौतुकच केले! डॉक्टरांनी आकड्यांची ओळख करून दिली ती अशी : उपाशीपोटी १०० पर्यंत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ आणि पुढे म्हणजे घरात. शिवाय एचबीएवनसी नावाची तपासणी असते. रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून ती मागच्या सुमारे तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ती साडेसहा टक्के किंवा अधिक आली म्हणजे मधुमेह. ही फार चहाडखोर तपासणी आहे. आदल्या दिवशी उपास करून प्रयोगशाळेत साळसूदपणे जाणाऱ्यांचे तिच्यापुढे काही चालत नाही. ह्यांची आठ पूर्णांक चार आली.

त्या दिवसापासून मी घरात पोलीसपाटील झाले. साखरेचा डबा हद्दपार केला. राहिली ती फक्त देवापुढच्या चांदीच्या वाटीतली, कारण देवाला शुगर नाही. शेजारणी-पाजारणींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी. ह्यांनी आठ दिवस कारल्याचा रस घेतला आणि नवव्या दिवशी ‘मला मधुमेह चालेल’ असे जाहीर केले. एका वन्संनी गूळ बिनधास्त खा म्हणून सांगितले. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, ‘गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ. अंगात गेल्यावर दोघांची ओळख पटत नाही.’ ‘शुगरफ्री’ बिस्किटांचा पुडा मी मोठ्या विश्वासाने आणला होता. त्यावरचे बारीक अक्षर भिंगातून वाचले तर पहिलाच शब्द मैदा!

खरा फरक पडला तो साध्या गोष्टींनी. भाताची मूद अर्धी झाली आणि उसळ दुप्पट. आधी कोशिंबीर आणि उसळ, पोळी-भात नंतर, असा क्रम लावला की जेवणानंतरचा आकडा कमी चढतो, हे मी ह्यांच्या वहीत स्वतः पाहिले आहे. आणि शतपावली! आपल्या पूर्वजांनी नाव मोठे नामी ठेवले. फक्त हिशेबात जरा कंजूषपणा केला. शंभर पावले म्हणजे आमच्या गॅलरीत चार खेपा. त्याने काय होणार? जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आम्ही तलावपाळीला एक पूर्ण फेरी घालू लागलो. सहा महिन्यांत आठ पूर्णांक चारचे सात झाले, आणि मी अशी काही मिरवू लागले, जसे काही माझेच स्वादुपिंड सुधारले होते.

आता मी सांगणार आहे ती गोष्ट ह्यांना ठाऊक नाही. हा अंक घरी येईल तेव्हा ती त्यांना इतर वाचकांबरोबरच कळेल.

१० जुलै २०२२, रविवार, आषाढी एकादशी. ह्यांचा उपास लहानपणापासूनचा. एरवी आमच्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हेच व्रत चालते, पण त्या वर्षी मी पक्की जागरूक होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, तो खाल्ला की साखर भरभर चढते, हे मी वाचले होते. बटाटा त्याचाच सोबती, आणि वरईचे तांदूळही फार मागे नाहीत. तेव्हा मी खिचडी केलीच नाही. ह्यांना सकाळी पेलाभर ताक आणि मूठभर दाणे दिले. गोळ्या मात्र नेमाने दिल्या. त्यांतली एक गोळी स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन सोडायला लावणारी होती. ती पोटात गेल्यावर अन्न आले की नाही हे पाहत नाही. तिला एकादशी कळत नाही.

साडेअकराच्या सुमारास हे पेपर वाचीत बसले होते. एकदम माझ्यावर खेकसले. कशावरून ते आज आठवत नाही, बहुधा पंख्यावरून. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने आवाज चढवलेला मी चार वेळाही ऐकला नव्हता. मी उत्तर दिले. मग ते जे बोलले ते मी शब्दश: लिहिते. ‘तुझ्या बापाच्या पायाचा सूड माझ्यावर उगवतेस तू,’ असे ते म्हणाले.

मी काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. कपाळावर घाम आला होता, पेपर धरलेला हात थरथरत होता, हे सगळे मी पाहिले होते. मला तो राग वाटला. आणि रागावलेल्या माणसाला आपण काय करतो? एकटे सोडतो. मी दहा मिनिटे त्यांना एकटे सोडले.

बाहेर तांब्या पडल्याचा आवाज आला. तोही मी मुद्दाम आपटला असेल असेच समजले. पण पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला, तशी बाहेर गेले. हे खुर्चीत तिरपे झाले होते. सदरा घामाने भिजून अंगाला चिकटला होता. सदऱ्याचे एकच बटण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. मी ‘अहो’ म्हटले तर माझ्याकडे पाहून, पण मला न ओळखता, हसले.

यंत्र लावले. ४८.

सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मला पाठ होते. चटकन अंगात भिनणारी पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हेही पाठ होते. पण साखर होती कुठे? घरातून साखर घालवण्यात मी तीन वर्षे घालवली होती. शेजारचे वारीच्या कीर्तनाला गेलेले. मुलगा-सून पुण्याला. मग एकदम आठवले. देवघरात धावले, विठोबापुढची वाटी उचलली आणि फुलपात्रात रिकामी केली. वाटीतल्या साखरेला मुंगी लागली होती. ती वेचायला मी थांबले नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी ह्या रोगाची पारख मुंग्यांवरूनच केली होती म्हणतात. त्या दिवशी मुंग्याही औषधात गेल्या.

हे अजून गिळू शकत होते, हे माझे नशीब. शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर काहीही घालायचे नसते. ते श्वासनळीत जाते. तेव्हा सरळ दवाखाना गाठायचा. घोट घोट करून फुलपात्र संपले. पंधरा मिनिटांनी आकडा ७६. हे म्हणाले, ‘अगं, पाणी कुणी सांडलं?’ मग मी मुकाट्याने पोळी आणि दूध पुढे केले, आणि एकादशीला पोळी हे त्यांनी निमूटपणे खाल्ले.

संध्याकाळी डॉक्टरांनी आमची चांगलीच खरडपट्टी काढली, आणि ती बरोबर माझ्या दिशेने काढली. ह्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, तेव्हा आकडा एकदा वर आला म्हणजे संकट टळले असे नाही, रात्रभर तपासत राहा म्हणाले. ही गोळी घेतली की जेवण टाळायचे नाही; उपास करायचाच तर आधी विचारायचे, गोळी कमी करता येते किंवा बदलता येते. माझ्या जाऊबाईंनी ‘पेढा का नाही दिला?’ म्हणून विचारले होते. तेही मी डॉक्टरांना विचारून घेतले. पेढ्यात, चॉकलेटात स्निग्धांश असतो, त्याने साखर रक्तात जायला उशीर लागतो. तेव्हा साधी साखर किंवा ग्लुकोजची पूडच बरी. आणि शेवटी ते जाता जाता म्हणाले, ‘साखर उतरली की माणूस चिडतो, वेड्यासारखं बोलतो. मेंदूला साखरेशिवाय चालत नाही हो. त्या वेळचं बोलणं मनावर घेऊ नका.’ काय बोलले, हे त्यांनी विचारले नाही. ह्यांना काहीच आठवत नव्हते. मीही कधी सांगितले नाही.

पण मनावर घेऊ नका म्हटल्याने थोडेच भागते? ते वाक्य मेंदूत साखर नव्हती म्हणून आले, हे मान्य. पण कुठेतरी होते म्हणूनच ना आले? आणि खोटे तरी कुठे होते? तीन वर्षे मी ह्यांच्या ताटाशी जे भांडत होते, ते त्या शहाबादी फरशीशीच भांडत होते. दुसऱ्या दिवशी मी साखरेचा छोटा डबा पुन्हा फळीवर आणून ठेवला. ह्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि नाव-आजार-फोन लिहिलेली चिठ्ठी घालू लागले. पोलीसपाटलाचा जाच बराच कमी झाला, असे हेही मानतात. कारण मात्र त्यांना आज कळेल.

आता उरलेली हकीकत माझी.

गेल्या दिवाळीत मी बेसनाचे लाडू वळत होते. नातवंडे यायची होती. जेवण होऊन दोन तास झाले होते, हे आपल्या वहीत आकडा लिहीत होते. सहज म्हणाले, ‘बघू तुझी किती आहे ती. पोलिसांचीही झडती झाली पाहिजे.’ मी हसत बोट पुढे केले. वजन अठ्ठेचाळीस किलो, तरुणपणापासून काडीपहिलवान. मला कुठली शुगर? यंत्रावर आकडा आला ४६१.

दोघांचीही बोबडी वळली. मग माझ्याच लक्षात आले, की बोटाला पिठीसाखर! हात न धुता तपासले की यंत्र रक्तातली नव्हे, लाडवातली साखर मोजते. आम्ही पोट धरधरून हसलो. मी साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचले. टोकाला टोचले तर फार दुखते. ह्या वेळी आकडा आला २३८.

हे हसायचे थांबले.

प्रयोगशाळेत उपाशीपोटी १३९ आणि एचबीएवनसी सात पूर्णांक दोन. मग एकेक आठवू लागले. वर्षात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता. दुपारी जेवण झाले की डोळे मिटत. रात्री उठत होते. हे सगळे मी सत्तरीच्या नावावर मांडले होते. दुसऱ्याच्या घरचा धूर ओळखणारी मी, माझ्या चुलीवर काय करपते आहे याची मला दाद नव्हती.

बारीक माणसाला मधुमेह होत नाही, ही समजूतही गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ह्यावर पुष्कळ संशोधन केले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्रज डॉक्टर युडकिन ह्यांचा शेजारी शेजारी फोटो आला. उंचीच्या मानाने वजन काढले तर दोघांचा आकडा एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वरून बारीक आणि आतून चरबीदार, असे हे आपले हिंदी अंग. ती चरबी पोटात दडते आणि इन्सुलिनचे काम अडवते. शिवाय माझे वडील मधुमेही, म्हणजे मी तर आधीच पंगतीला बसलेली. तीस वर्षांची झाल्यावरच दरवर्षी तपासायला हवे होते. माझ्या मुलाने आता तपासून घेतले. उंबरठ्यावर आहे. तोही बारीकच आहे.

आमच्या घरी सध्या दोन वह्या आहेत. माझ्या वहीला ह्यांनी स्वतः पुठ्ठा घातला, रकाने आखले. दोघांच्याही डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासतो, लघवीत प्रथिन जाते का ते पाहतो. आणि रोज रात्री आम्ही पलंगावर समोरासमोर बसून एकमेकांचे तळपाय पाहतो. स्वतःचे तळपाय स्वतःला नीट दिसत नाहीत, ह्या वयात तर वाकवतही नाही. हे चष्मा लावून माझ्या बोटांच्या बेचक्यांत पाहतात, चपलेत हात घालून खिळा-खडा चाचपतात, आणि ‘ठीक आहे’ म्हणतात. पहिल्या रात्री त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला तेव्हा मला दादांची फार आठवण झाली.

यंदा गणपतीला उकडीचे मोदक केले. सुनेच्या देखरेखीखाली दोघांना एकेक मोदक, आणि भात नाही. मग तलावपाळीची फेरी. बरोबर दोन तासांनी हात साबणाने धुऊन दोघे टेबलाशी बसलो. माझा आकडा १६४ आला. ह्यांचा २२९.

‘यंत्र बिघडलंय,’ हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन मोदकपात्रातले मोदक मोजले. तीन कमी होते. सुनेने विचारले तर नातवाने खाल्ले म्हणून सांगितले, आणि हे पेपराआड गेले.